ब्रेस्ट कॅन्सर : ऑपरेशनमध्येच एकदा द्यायचं रेडिएशन, आणि ते कधी द्यायचं हा प्रश्न

मोगरा_यूके
नमस्कार मंडळी. माझी मावशी इकडे इंग्लंडातच असते, वय ६२. स्क्रीनिंगच्या मॅमोग्राममध्ये डाव्या बाजूला गाठ दिसली, बायोप्सी केली, कॅन्सरच निघाला, पण लवकर सापडलाय. गाठ दीड सेंटीमीटरच्या आत, ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे हॉर्मोनवर वाढणारा), हर-टू नावाचं प्रथिन निगेटिव्ह, काखेची सोनोग्राफी साफ. स्तन ठेवून फक्त गाठ काढायची असं ठरलंय आणि त्यामागून रेडिएशन ओघाने आलंच. सर्जनने तिला दोन रस्ते सांगितले. एक नेहमीचा, जखम भरली की बाहेरून मशीनने. दुसरा म्हणजे ऑपरेशन चालू असताना, गाठ काढून जी पोकळी होते तिच्या आतूनच एकदा रेडिएशन द्यायचं आणि टाके घालायचे. याला टार्जिट म्हणतात.

मावशी म्हणाली तू वाच आणि मला मराठीत समजावून सांग, म्हणून मी टार्जिटच्या दोन्ही ट्रायलचे मूळ पेपर वाचले, आणि एक गोष्ट इतकी महत्त्वाची वाटली की इथे लिहितेय. हे रेडिएशन गाठ काढली त्याच भुलीत दिलं तर एक निकाल येतो आणि तेच, तितकंच, काही आठवड्यांनी जखम परत उघडून दिलं तर वेगळा येतो. म्हणजे याचा विचार ऑपरेशनच्या तारखेआधी व्हायला हवा. नंतर "अरे हेही होतं का" म्हणून उपयोग नाही.

ही कल्पना लंडनची. युनिव्हर्सिटी कॉलेजचे जयंत वैद्य, मायकेल बॉम आणि जेफ्री टोबायस यांनी ती १९९० च्या दशकाच्या शेवटी मांडली, १९९८ साली पहिल्या बाईंवर हा उपचार झाला आणि मार्च २००० पासून मोठी ट्रायल सुरू झाली. त्यामागचा विचार असा, की काढलेले स्तन बारकाईने तपासले तर गाठीपासून लांबही बारीक बारीक कॅन्सरचे ठिपके बऱ्याच जणींमध्ये सापडतात, पण प्रत्यक्षात कॅन्सर परत येतो तो बहुतेक वेळा पहिल्या गाठीच्या जागीच. मग सगळ्या स्तनाला कशाला, जिथे धोका आहे तिथेच द्या ना!

आता आकडे. त्याच ऑपरेशनमध्ये देण्याची जी ट्रायल होती तिच्यात २२९८ बायका होत्या, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट. पाच वर्षांत त्याच स्तनात कॅन्सर परत आला तो टार्जिटमध्ये २.११ टक्के आणि बाहेरून दिलेल्यांत ०.९५ टक्के. फरक अडीच टक्क्यांच्या आत राहिला तर चालेल असं आधीच ठरलं होतं, तो आत राहिला. दुसरी ट्रायल ११५३ बायकांची, यांचं ऑपरेशन आधी होऊन गेलेलं, पॅथॉलॉजीचा पूर्ण रिपोर्ट आलेला, रिपोर्ट चांगला म्हणून निवडलेल्या, आणि त्यातल्या अर्ध्या जणींची जखम परत उघडून रेडिएशन दिलं. तिथे ३.९६ विरुद्ध १.०५ टक्के. म्हणजे निवडून घेतलेल्या, कमी धोक्याच्या बायका असूनही फरक अडीचच्या वर गेला. दोन्ही पेपर २०२० मध्ये आले, पहिला बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात, दुसरा जामा ऑन्कॉलॉजीमध्ये. पुढच्या वर्षांत किती जणी जगल्या यात मात्र दोन्ही ट्रायलमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का, किंवा या क्षेत्रात कोणी आहे का? सगळ्या बाजू ऐकायच्या आहेत.

ठाण्याची_सुमन
मोगरा, मावशींना लवकर बरं वाटू दे गं. एक अगदी साधा प्रश्न विचारते, गाठ काढली, कडा साफ निघाल्या, मग रेडिएशन लागतंच कशाला? माझ्या नणंदेनेही हेच विचारलं होतं आणि तिला कोणी नीट उत्तर दिलं नाही, नुसतं "प्रोटोकॉल आहे" म्हणाले.

मोगरा_यूके
सुमनताई, साधा नाही, पहिला प्रश्न तोच असायला हवा. कडा साफ म्हणजे कापलेल्या काठावर कॅन्सर दिसला नाही, पलीकडे एखादी पेशी नाहीच असं त्यातून सिद्ध होत नाही. १७ ट्रायलमधल्या १०,८०१ बायकांची माहिती एकत्र करून २०११ मध्ये पेपर आला होता, स्तन वाचवून ऑपरेशन झालेल्या बायका. दहा वर्षांत कॅन्सर परत आला तो रेडिएशन न घेतलेल्यांत ३५ टक्के आणि घेतलेल्यांत १९.३ टक्के. पंधरा वर्षांत ब्रेस्ट कॅन्सरने झालेले मृत्यू २५.२ वरून २१.४ वर आले. यातल्या बऱ्याच ट्रायल जुन्या, आजच्या गोळ्या तेव्हा सगळ्यांना नव्हत्या, त्यामुळे आजचे आकडे दोन्हीकडे कमी असतील, पण फायदा खरा आहे. नणंदेला हे नक्की सांगा.

डॉ_खानदेशी
मी रेडिएशन ऑन्कॉलॉजीत आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. मोगराताईंनी आकडे बरोबर दिलेत, पण २.११ आणि ०.९५ मध्ये दुपटीहून जास्त फरक आहे हे पेशंटला स्पष्ट सांगितलं पाहिजे. आकडा लहान आहे म्हणून तो "सारखाच" होत नाही. आमच्या शाखेत यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. अमेरिकेतल्या रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टांच्या संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ट्रायल किंवा रजिस्ट्रीच्या (पेशंटच्या संशोधन-नोंदवहीच्या) बाहेर हा उपचार एकटा वापरू नये असं आहे. इंग्लंडातही नाइसने (कुठले उपचार वापरायचे ते ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१८ मध्ये सरसकट मान्यता दिली नाही, जिथे मशीन आधीपासून आहे तिथेच वापरा आणि पेशंटला सगळी माहिती देऊन वापरा असं सांगितलं.

दुसरं म्हणजे मिलानची एलियट ट्रायल. तिथेही ऑपरेशनमध्येच एकदा, पण इलेक्ट्रॉनने, २१ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसाचं माप). १३०५ बायका. पंधरा वर्षांनी त्याच स्तनात कॅन्सर १२.६ टक्के, आणि सगळ्या स्तनाला रेडिएशन घेतलेल्यांत २.४ टक्के. जगण्याचं प्रमाण तिथेही सारखंच, पण परत ऑपरेशन, परत ती भीती, याचीही किंमत असतेच ना.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टार्जिट सुरू झालं तेव्हा पर्याय काय होता? पाच-सहा आठवडे रोज हॉस्पिटलला खेटे. आज तसं नाहीये. आधी ब्रिटनच्याच स्टार्ट ट्रायलनंतर तीन आठवड्यांत १५ वेळा हे रुळलं, मग २०२० मध्ये फास्ट-फॉरवर्ड आली, ४०९६ पेशंट, एका आठवड्यात पाच वेळा मिळून २६ ग्रे. पाच वर्षांत कॅन्सर परत आला तो १.४ टक्के, तीन आठवडेवाल्यांत २.१. म्हणजे आज तुमच्या मावशींची निवड "एकदा की सहा आठवडे" अशी नाही, "एकदा की पाच दिवस" अशी आहे. मग एकदाचं आकर्षण किती उरतं याचा विचार करा.

मोगरा_यूके
डॉक्टर, मनापासून आभार, हेच हवं होतं. तिसरा मुद्दा पूर्ण मान्य, मावशीच्या हॉस्पिटलमध्येही पाच दिवसांचंच सांगितलंय.

एलियटबद्दल मात्र एक सांगावंसं वाटतं. त्यात इलेक्ट्रॉनच्या गटातल्या बाईचा नंतरचा रिपोर्ट वाईट आला तरी त्यावर सगळ्या स्तनाला बाहेरून जादाचं रेडिएशन द्यायचं असं नियमात नव्हतं. टार्जिटमध्ये ते होतं. म्हणजे ऑपरेशनमध्ये डोस दिला, मग रिपोर्टमध्ये काखेच्या गाठींत कॅन्सर निघाला किंवा आणखी काही धोक्याचं दिसलं तर सगळ्या स्तनाला बाहेरूनही द्यायचं, आणि आतला डोस हा बूस्ट, म्हणजे गाठीच्या जागेचा जादा डोस, धरायचा. साधारण पाचातल्या एकीला हे लागलं. त्यामुळे दोन्ही ट्रायल एकाच तागडीत टाकणं मला पटत नाही.

आणि बीएमजेच्या पेपरात आणखी एक गोष्ट आहे जी चर्चेत मागे पडते, ब्रेस्ट कॅन्सर सोडून इतर कारणांनी झालेले मृत्यू. बारा वर्षांत टार्जिटमध्ये ५.४१ टक्के आणि बाहेरून दिलेल्यांत ९.८५. हृदय, फुप्फुस आणि दुसरे कॅन्सर यांचा त्यात वाटा आहे असं लेखकांचं म्हणणं. मावशीची गाठ डावीकडे, त्यामुळे हृदयाचा प्रश्न आमच्या घरात सगळ्यात आधी निघाला.

लिनॅक_वाला
मेडिकल फिजिसिस्ट आहे, परदेशात असताना हे मशीन जवळून बघितलंय म्हणून थिएटरमध्ये नेमकं काय होतं ते लिहितो, म्हणजे चित्र डोळ्यासमोर येईल.

गाठ बाहेर काढतात, रक्तस्राव पूर्ण थांबवतात. मग दीड ते पाच सेंटीमीटरमधल्या मापाचे जे गोल अॅप्लिकेटर असतात त्यातला त्या पोकळीत चपखल बसणारा निवडतात. सर्जन आत गोलाकार टाका घालून ओढून घेतो, की सगळीकडून टिश्यू त्या गोळ्याला चिकटून बसावी, मध्ये हवा किंवा रक्त राहता कामा नये, कारण हे ५० किलोव्होल्टचे मंद क्ष-किरण आहेत, काही मिलिमीटरचं अंतर पडलं तरी डोस घसरतो. गोळ्याच्या पृष्ठभागाला २० ग्रे आणि एक सेंटीमीटरवर पाच ते सात ग्रे, इतका झपकन उतरतो. त्यामुळेच कातडीच्या कडा टाक्यांनी बाहेर ओढून धरतात, नाहीतर कातडी भाजेल. अंतर अल्ट्रासाउंडने तपासतात. मग जखमेवर टंगस्टन घातलेली रबरी चादर, बाकी मंडळी बाहेर, भूलतज्ज्ञ शिल्डच्या मागे बसून मॉनिटर बघत राहतो. गोळ्याच्या मापाप्रमाणे वीस मिनिटं ते पाऊण तास. झालं की गोळा काढून टाके.

आता कल्पना करा हेच काही आठवड्यांनी करायचंय. पोकळीत पाणी साठलेलं, कडा आकसलेल्या, आतून कडक झालेल्या, मुळात गाठ कुठे टेकली होती ती टिश्यू आता सरकलेली. मग गोळा नेमक्या त्याच जागेला चिकटतोय हे कोण छातीठोकपणे सांगणार? माझ्या मते उशिराच्या ट्रायलचा निकाल असा यायला हे मोठं कारण असणार.

आणि हृदयाचं, मोगराताई, बाहेरून द्यायचं ठरलं तर डीप इन्स्पिरेशन ब्रेथ होल्ड करतात का ते विचारा. पेशंटने खोल श्वास घेऊन धरून ठेवायचा, छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेतून मागे आणि खाली सरकतं, तेवढ्या वेळातच बीम चालू. डाव्या बाजूला याने हृदयाचा डोस बराच कमी होतो. जुन्या ट्रायलमधल्या बऱ्याच बायकांना हे तंत्र मिळालेलं नसणार, म्हणून ते ५.४१ आणि ९.८५ आजच्या पेशंटला जसेच्या तसे लावू नका.

मोगरा_यूके
अंगावर काटा आला वाचताना, पण समजलं. उशिराच्या कारणात एक भर घालते. इटलीतल्या अविआनोच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं होतं की ऑपरेशननंतर जखमेत जो द्रव झिरपतो तो प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींना वाढायला उत्तेजन देतो, आणि टार्जिट दिलेल्या बायकांच्या द्रवात तो परिणाम दिसला नाही. म्हणजे ताज्या जखमेला दिल्याचा जास्तीचा फायदा असू शकतो. प्रयोगशाळेतलं आहे, त्यावर सगळी भिस्त ठेवायची नाही, पण वेळेचं कोडं सुटायला मदत होते.

सातारकर७
हा धागा वाचून धस्स झालं. आईचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत, गाठ पूर्ण निघाली, नोड (काखेतल्या गाठी) साफ. आम्ही रेडिएशनसाठी चौकशी केली तर एका ठिकाणी म्हणाले की जखम परत थोडी उघडून आतून एकदाच देऊ, एका दिवसात मोकळे व्हाल. आई तर लगेच तयार आहे, तिला रोज जाणं येणं नकोय. वय ५८. काय करू?

डॉ_खानदेशी
सातारकरसाहेब, आईंचे रिपोर्ट बघितल्याशिवाय उपचार सांगणार नाही, पण वर जो उशिराचा ३.९६ विरुद्ध १.०५ आकडा आहे तो नेमका आईंसारख्याच पेशंटचा आहे. शिवाय परत भूल, परत जखम. बाहेरून पाच किंवा पंधरा वेळाचं रेडिएशन त्यांना सहज मिळू शकेल. काही पेशंटना बाहेरूनच पण गाठीच्या जागेपुरतं, म्हणजे पार्शल ब्रेस्ट, देता येतं, तेही विचारा. मी तुमच्या जागी असतो तर जखम उघडू दिली नसती, आणि दुसऱ्या रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टचं मत याच आठवड्यात घेतलं असतं.

तीन आठवडे म्हणजे उशीर झालेला नाही, घाबरू नका. जखम भरायला तेवढा वेळ लागतोच. पण उगाच लांबवूही नका. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या १८ हजारांवर बायकांच्या नोंदी तपासल्या होत्या, सहा आठवड्यांनंतर सुरू केलेल्यांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. सीटी प्लॅनिंगलाही (स्कॅन करून किरण कुठून द्यायचे ते आखायला) काही दिवस जातात, तेव्हा तारीख आत्ताच धरा.

सातारकर७
डॉक्टर, फार आधार वाटला. उद्याच फाईल घेऊन निघतो. केमो लागणार असेल तर मग रेडिएशनचं काय?

डॉ_खानदेशी
केमो लागलीच तर सहसा आधी केमो, ती संपल्यावर तीन-चार आठवड्यांनी रेडिएशन. तो उशीर हिशेबात धरलेला असतो, त्याची काळजी नको. हर्सेप्टिन (हर-टू पॉझिटिव्ह असेल तर देतात ते औषध) चालू असेल तर रेडिएशनसाठी थांबवत नाहीत. हॉर्मोनच्या गोळ्या कधी सुरू करायच्या ते तुमचे डॉक्टर ठरवतील, काही जण बरोबर देतात, काही नंतर.

जालन्याची_लेक
मला वेगळंच बोलायचंय. तुम्ही एक टक्का दोन टक्क्यांवर बोलताय ते बरोबरच आहे, पण आमच्याकडे काय होतं सांगू? माझ्या चुलतीची गाठ लहान होती, स्तन वाचला असता. पण रेडिएशनसाठी मुंबईला राहायचं, कोण राहणार सोबत, शेतीचे दिवस, काका म्हणाले त्यापेक्षा सगळंच काढून टाका. आणि काढलं. तिला कोणी विचारलंसुद्धा नाही. नंतर दुसऱ्या नातेवाईक बाईंसाठी मी टाटाला गेले तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो, तिथे आमच्यासारखीच गावोगावची माणसं, सकाळी डबे भरून परळला जायची, संध्याकाळी परत, कुणी पहिल्या आठवड्यात कुणी शेवटच्या. लाईट, म्हणजे रेडिएशन, घ्यायला आलोय म्हणायच्या बायका. कातडी काळी पडलेली, काखेत सोललेलं, तरी हसून एकमेकींना क्रीम कुठलं लावायचं सांगायच्या.

म्हणून विचारते, एकदाच द्यायची सोय अशा बायकांसाठी व्हायला नको का? ज्यांना पाच दिवससुद्धा जड आहेत?

डॉ_खानदेशी
ताई, तुमच्या बोलण्याने अस्वस्थ झालो, कारण हे मी दर आठवड्याला बघतो. रेडिएशनच्या अंतरामुळे स्तन गमावणाऱ्या बायका खूप आहेत. पण एकदाच्या उपचाराला ते मशीन, प्रशिक्षित सर्जन, फिजिसिस्ट आणि नंतर ज्या पाचातल्या एकीला बाहेरून लागेल तिच्यासाठी पुन्हा लिनॅक, म्हणजे बाहेरून रेडिएशन द्यायचं मशीन, हवंच. जालन्यासारख्या ठिकाणच्या बाईला आज जास्त उपयोगी पडेल ते पाच दिवसांचं रेडिएशन. ऑपरेशनआधी विचारायचं, "तुमच्याकडे पाच दिवसांत देता का, देत नसाल तर कुठे देतात". एक आठवडा सोबत राहायला घरातलं कोणीतरी तयार होतं, दीड महिन्याला होत नाही.

जालन्याची_लेक
हे चुलतीच्या वेळी कळायला हवं होतं. आता गावातल्या आशाताईंना सांगते.

ठाण्याची_सुमन
माझ्या ओळखीच्या एक आजी आहेत सत्तरच्या पुढच्या, त्यांना तर रेडिएशन नाही घेतलं तरी चालेल म्हणाले, असं असतं का?

मोगरा_यूके
असतं. प्राइम-टू नावाची ट्रायल आहे, ६५ च्या पुढच्या बायका, गाठ तीन सेंटीमीटरपर्यंत, नोड साफ, हॉर्मोन पॉझिटिव्ह, हॉर्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या. दहा वर्षांत त्याच स्तनात कॅन्सर परत आला तो रेडिएशनशिवाय ९.५ टक्के, रेडिएशन घेऊन ०.९ टक्के. जिवंत राहण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच, ८१ टक्क्यांच्या आसपास. पण गोळ्या वर्षानुवर्षं न चुकता घ्यायला लागतात. आजी गोळ्या नीट घेतील का हे घरच्यांनी प्रामाणिकपणे बघायला हवं.

शेवंती_लंडन
उशिरा आले धाग्यावर. मी स्वतः टार्जिट घेतलंय काही वर्षांपूर्वी, इथेच लंडनात. सगळे आकड्यांवर बोलताय तर माझा अनुभव. भुलीतून उठले तेव्हा रेडिएशन झालेलं होतं, मला काही जाणवलं नाही. नंतर जखमेत पाणी साठलं, सुईने काढावं लागलं, हा त्रास मला झाला. २०१० च्या पेपरातही आहे की तीनपेक्षा जास्त वेळा पाणी काढावं लागलेल्या २.१ टक्के, बाहेरूनवाल्यांत ०.८. उलट रेडिएशनचा मोठा त्रास टार्जिटमध्ये ०.५ आणि तिकडे २.१. आणखी एक, त्या जागी आत कडक गोळा लागतो हाताला, पहिल्यांदा लागला तेव्हा माझी झोप उडाली, तो चरबीचा भाग कडक झालेला निघाला. मॅमोग्राम करताना टार्जिट झालंय हे दरवेळी सांगायचं, रेडिओलॉजिस्टला माहीत असलं की ते त्या नजरेने बघतात.

मोगरा, मावशींना एक विचार, रिपोर्ट आल्यावर बाहेरूनचंही लागलं तर त्या मनाने तयार आहेत का? माझ्या बरोबरच्या एका बाईला लागलं आणि ती कोसळली, कारण तिला एकदाच म्हणून सांगितलं होतं.

मोगरा_यूके
शेवंतीताई, हे कुठल्याच पेपरात मिळालं नसतं. काल संध्याकाळी मावशीकडे बसून हा सगळा धागा तिला वाचून दाखवला. तुमचा प्रश्न विचारला तर म्हणाली, लागलं तर घेईन, पण मला आधी माहीत हवं. जालन्याच्या ताईंचं वाचून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आज सर्जनकडे तिच्याबरोबर गेले. मी विचारलं की तुम्ही हे त्याच ऑपरेशनमध्ये करणार ना, काही कारणाने त्या दिवशी मशीन बंद असलं किंवा गोळा नीट बसला नाही तर काय. त्यांनी स्पष्ट सांगितलं, मग जखम परत उघडणार नाही, सरळ पाच दिवसांचं देऊ, आणि डावी बाजू म्हणून श्वास धरूनच देऊ. कातडी आणि पोकळीत अंतर कमी असलं तरीही टार्जिट करणार नाहीत. हे फाईलमध्ये लिहून घेतलं. मावशीने टार्जिटला हो म्हटलंय. डॉक्टर खानदेशी, २.११ आणि ०.९५ दोन्ही आकडे तिने स्वतः कागदावर लिहून सर्जनसमोर ठेवले आणि मग सही केली.

सातारकर७, आईंचं काय झालं ते कळवा.

सातारकर७
दुसरं मत घेतलं. जखम उघडायची गरज नाही म्हणाले, पाच दिवसांचं ठरलंय, सीटी प्लॅनिंग सोमवारी आहे. आईने विचारलं की आंघोळ करता येईल का, त्या खुणा पुसल्या जातील का. कोणाला माहीत असेल तर सांगा.

लिनॅक_वाला
आंघोळ चालते, कोमट पाणी, साधा साबण, घासायचं नाही. सुईने बारीक शाईचे ठिपके दिले असतील तर ते पुसले जात नाहीत. पेनने खुणा केल्या असतील तर त्यावर साबण नको आणि पुसट झाल्या तरी घरी परत काढू नका, तिथल्या टेक्निशियनला सांगा. तारेची ब्रा नको, सैल सुती कपडे. हात डोक्यावर ठेवून झोपायला लागतं, ऑपरेशनच्या बाजूचा खांदा आखडला असेल तर आत्तापासूनच फिजिओने सांगितलेले व्यायाम सुरू करा, सोमवारी हात वर गेला पाहिजे.